रविवारी औषधाला सुट्टी द्यावी का?

शनिवारी शाळा सुटली, की दप्तर कोपऱ्यात जाऊन पडते. वह्यांना सुट्टी, पाढ्यांना सुट्टी, मास्तरांनाही सुट्टी. मग काही आईबापांच्या मनात साहजिकच येते, की आठवडाभर सकाळी मुलाला जी गोळी देतो तिलाही एक दिवस सुट्टी का देऊ नये? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

ही गोळी कशासाठी, ते आधी सांगितले पाहिजे. काही मुलांचे अवधान टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, आणि विचार करण्याआधीच हातून कृती घडून जाते. डॉक्टर या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. प्रत्येक खोडकर मुलाला ती असते असे नव्हे. पण ज्याला असते, त्याच्या बाबतीत तो आईच्या लाडाचा दोष नव्हे आणि पोराच्या हट्टाचाही नव्हे.

१९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना एक नवल दिसले. तरतरी आणणारे औषध दिल्यावर त्यांच्या रुग्णालयातील कित्येक मुले उलट शांत झाली आणि अभ्यासात रमू लागली. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये मेथिलफेनिडेट हे औषध तयार झाले. आजही या मुलांना मुख्यतः हेच दिले जाते.

आता या औषधाची चाल पाहा. साध्या गोळीचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो, लांबणीच्या गोळीचा ८ ते १२ तास. म्हणजे रात्री तो ओसरलेलाच असतो. एक दिवस गोळी दिली नाही, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पहिल्यासारखीच काम करते. म्हणून तर रविवारच्या सुट्टीचा प्रश्न निघतो. पण सगळ्याच औषधांचे असे नाही, बरं का! अ‍ॅटोमोक्सेटिनचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते रोज घ्यावे लागते. क्लोनिडिन किंवा ग्वानफासिन एकदम थांबवले, तर रक्तदाब वाढू शकतो. तेव्हा सुट्टीचा विचार करण्यापूर्वी डबीवरचे नाव वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

सुट्टी द्यावीशी वाटते, ती उगाच नाही. मेथिलफेनिडेटने भूक मंदावते. दुपारचा डबा तसाच घरी येतो आणि आईच्या जिवाला घोर लागतो. काहींना रात्री लवकर झोप येत नाही. उंचीचीही काळजी असते. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात असे आढळले, की सतत औषध घेणारी मुले औषध न घेणाऱ्या मुलांपेक्षा सुमारे २ सेंटिमीटर कमी वाढली होती.

मग रविवारच्या सुट्टीने काय साधते? ब्राझीलमध्ये ४० मुलग्यांवर २८ दिवसांचा एक प्रयोग झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना शनिवार-रविवारी औषध नसलेली, दिसायला मात्र तशीच गोळी दिली. त्यांच्या भुकेच्या व झोपेच्या तक्रारी कमी झाल्या, आणि चंचलपणा फारसा वाढला नाही. प्रयोग लहान होता, हे ध्यानात ठेवावे. उंची एकेका रविवारने भरून निघेल, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. ब्रिटनमधील २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की उंचीवर विशेष परिणाम दिसला, तर शाळेच्या मोठ्या सुट्टीत ठरवून खंड देण्याचा विचार करावा.

आता दुसरी बाजू. शाळेला रविवार असतो, एडीएचडीला नसतो. रविवारी मुलगा सायकल घेऊन रस्त्यावर जातो, तलावावर पोहायला जातो, लग्नकार्याला जातो. क्रिकेटमध्ये आपली पाळी येईपर्यंत थांबणे त्याला जमत नाही, आणि सवंगडी त्याला खेळातून काढतात. गणितात चुकलेले उद्या सुधारता येते, पण तुटलेली मैत्री सहज जुळत नाही. आठवड्यातून एकच दिवस वडील घरी निवांत सापडतात, आणि तोही ओरडण्यात नि रडण्यात गेला, तर त्या सुट्टीत विसावा कोणाला मिळाला? उलट, एखादे पोर रविवारी मळ्यात दिवसभर हुंदडते, दोन भाकरी जास्त खाते आणि रात्री डोके टेकताच झोपते. त्याच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्याला त्या दिवशी गोळीवाचून राहू द्यायला काय हरकत आहे?

कधीकधी सुट्टीमागे निराळेच कारण असते. आजी म्हणते, ‘गोळीने पोरगं गप्प गप्प झालंय.’ हे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. मूल खरोखरच कोमेजलेले दिसत असेल, तर मात्रा किंवा औषध बदलण्याची गरज असू शकते. एका रविवारने ते दुखणे जात नाही, सोमवारी पुन्हा तेच. तेव्हा गुपचूप गोळी चुकवण्यापेक्षा आजीचे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घाला. आणखी एक. ‘शहाण्यासारखा वागलास, म्हणून आज गोळी नाही,’ असे मुलाला कधी म्हणू नका. औषध ही शिक्षा नव्हे.

मग ठरवायचे कसे? डॉक्टरांच्या संमतीने काही रविवार गोळी देऊन आणि काही न देता पाहावे. एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात: काय खाल्ले, केव्हा झोपला, भांडणे किती झाली, आणि दिवसभरात त्याला आनंद कशाने झाला. सोमवार कसा गेला, हे बाईंना विचारावे. दर ६ महिन्यांनी उंची मोजावी. दहा वर्षांखालील मुलाचे वजन दर ३ महिन्यांनी करावे. मोठ्या मुलांसाठी अंतर डॉक्टर सांगतील. ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर निर्णय अंदाजावर राहणार नाही.

आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या मुलालाही विचारा. आठ-दहा वर्षांचे मूल नेमके सांगते. एक म्हणेल, ‘गोळी नसली की मला मस्त भूक लागते.’ दुसरे म्हणेल, ‘गोळी नसली की सगळे माझ्यावरच रागावतात.’ दोघांचे रविवार सारखे कसे असतील? शेजारच्या मुलाला सुट्टी दिली म्हणून आपल्याला, किंवा त्याला दिली नाही म्हणून आपल्यालाही नाही, असे करू नये. यंदाचे उत्तर पुढच्या वर्षी बदलू शकते. मूल वाढते, खेळ बदलतात, रविवारही बदलतो. म्हणून वही जपून ठेवा आणि अधूनमधून पुन्हा उघडा.