वृंदावनामागचे डोंगर

निसर्गाच्या शोधात चित्रकाराने नगर सोडून रानात जावे, ही कल्पना आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. १९२० साली टोरांटो येथे सात चित्रकारांनी एक मंडळ स्थापन केले आणि कॅनडातील अरण्ये, सरोवरे व खडक हेच आपल्या कलेचे दैवत मानले. भारतात शिवालिकच्या कुशीत एका चित्रकार-घराण्याने याहून दीडशे वर्षे आधी असेच काही साधले होते. मात्र त्याने कसलीही घोषणा केली नाही. चित्रांवर नावेदेखील क्वचितच घातली.

हे घराणे गुलेर येथील पंडित सेऊचे. माणकू व नैनसुख हे त्याचे दोन पुत्र. माणकूने १७३० साली गीतगोविंदावर चित्रमाला रचली. तिच्यातील वन म्हणजे सपाट रंगभूमीवर नेटकेपणाने मांडलेली झाडे. पुढे १७७५च्या सुमारास याच घराण्याच्या पुढच्या पिढीने पुन्हा गीतगोविंद रंगविला, तेव्हा त्या वनाला खोली आली, संध्याकाळ आली, नदीला वळणे आली. जयदेवाचे वृंदावन सखल व्रजभूमीतले. परंतु येथे यमुनेच्या पलीकडे कांगड्याच्या टेकड्या उभ्या राहतात. विषय देवाचा होता, भूमी मात्र चित्रकारांची स्वतःची होती. देवाला त्यांनी आपल्या गावी आणले, असेच म्हटले पाहिजे.

माणकूच्या त्या मालेतील बरीच पाने आज चंडीगडच्या शासकीय संग्रहालयात आहेत. फाळणीनंतर १९४८ साली लाहोर संग्रहालयाच्या ठेव्याची वाटणी झाली. सुमारे चाळीस टक्के भाग भारताकडे आला. एकाच काव्याची पाने दोन देशांत विभागली गेली. भारताच्या वाट्याचा ठेवा अनेक ठिकाणी फिरला आणि अखेर ल कॉर्बुझिए याने रेखिलेल्या वास्तूत विसावला. हे संग्रहालय १९६८च्या मे महिन्यात उघडले. या कार्यामागे डॉ. महिंदरसिंग रंधावा यांची तळमळ होती. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. चित्रांतील वृक्षवेली त्यांना परक्या कशा वाटाव्यात?

चित्रांना घर मिळाले, पण चित्रकारांना नाव नव्हते. माणकू ही चित्रमाला करविणारी कोणी स्त्री असावी, असाही तर्क झाला होता. चंडीगड येथील पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक ब्रिजेंद्रनाथ गोस्वामी यांनी या नावांचा माग घेतला, तो हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या पणजोबांची सही पाहिलेल्या मराठी माणसास या वह्यांचे मोल सांगावयास नको. तेथे नैनसुखाने १७६३ साली स्वहस्ते केलेली नोंद मिळाली. गोस्वामींनी घराण्याची ही वंशावळ १९६८ साली मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. पहाडी शैलीचे वर्गीकरण तोवर राजदरबारांच्या नावांनी होत असे. तिचा खरा आधार कुटुंब हा आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

राजांची दालने ओस पडली, ठेव्यांच्या वाटण्या झाल्या. तरीही ज्यांनी त्या टेकड्या प्रेमाने न्याहाळल्या, त्यांची नावे आज आदराने घेतली जातात. ती राजांच्या दप्तरांहून अधिक निष्ठेने जपली, ती पितरांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या साध्या वह्यांनी.