तक्रार न करणारा विद्यार्थी

(दहावी 1985 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी 2025 मध्ये मुलुंड येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'पोटाचे विकार'. हा विषय बरोबर जेवणाच्या आधी ठेवण्यामागचा तिचा हेतू माझ्या लक्षात आलाय. मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे फार ताणणार नाही.

विज्ञानाच्या बाईंनी आठवीत आपल्याला पचनसंस्थेची आकृती काढायला लावली होती. जठर, लहान आतडं, मोठं आतडं सगळ्यांनी मन लावून काढलं. यकृत मात्र बहुतेकांनी उरलेल्या जागेत बसवलं आणि तपकिरी रंगाने भरून टाकलं. बाई आज समोरच बसल्या आहेत. बाई, त्या उरलेल्या जागेतल्या अवयवावरच तुमचा हा विद्यार्थी गेली तीस वर्षं पोट भरतोय.

यकृत म्हणजे वर्गातला तो मुलगा, जो कधी तक्रार करत नाही. उजव्या बरगड्यांखाली सव्वा-दीड किलोचा हा अवयव गप्प बसून काम करतो. त्याच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे दात दुखला की आपण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असतो, पण यकृत बिघडलेलं दहा-पंधरा वर्षं कळतही नाही.

आता मी एका मित्राबद्दल बोलणार आहे. त्याच्या पत्नीला विचारूनच बोलतोय. नाव घेत नाही, पण तुम्ही ओळखालच. शाळेत आपण त्याला 'काडी पैलवान' म्हणायचो. शेवटपर्यंत तसाच होता. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही, घरी शुद्ध शाकाहार. रोज मुलुंडहून लोकल, दिवसभर खुर्ची, चार वेळा चहा-बिस्किटं, रात्री दहाला जेवण. आपल्यापैकी निम्म्या लोकांची हीच दिनचर्या होती.

2008 मध्ये मुतखड्यासाठी त्याने सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये खडा नव्हता, पण एक ओळ होती : 'फॅटी लिव्हर, ग्रेड एक'. त्याने मला फोन केला. मी म्हणालो, ''अरे, हल्ली सगळ्यांनाच असतं. सोडून दे.''

त्याने सोडून दिलं. 2019 मध्ये एका रात्री त्याला रक्ताची उलटी झाली, तेव्हा यकृत पूर्ण निबर झालेलं होतं. सिरॉसिस. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं, पण अवयव मिळेपर्यंत तब्येत टिकली नाही. ते माझं एक वाक्य मी विसरलेलो नाही. आजचं भाषण त्या वाक्याची दुरुस्ती आहे, असं समजा.

तुम्ही म्हणाल, तो तर बारीक होता, मग चरबी आली कुठून? या प्रश्नाचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर साहेबांची 9 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21 टक्के! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही तपासली. त्यांचं सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं स्नायूंनी लहान, पण त्या मानाने चरबी बरीचशी राखलेली. म्हणजे ही आपली जन्मापासूनची घडण आहे.

हे मुंबईच्या भाषेत सांगतो. त्वचेखालची जागा म्हणजे घराचा माळा. काहींचा माळा मोठा असतो, जास्तीचं सामान तिथे मावतं. आपला माळा लहान. तो भरला की सामान पॅसेजमध्ये, मग स्वयंपाकघरात येतं. म्हणजे चरबी आतड्यांभोवती, स्वादुपिंडात आणि यकृतात जाऊन बसते. बाहेरून माणूस सडसडीत दिसतो आणि आत चालायला जागा नसते.

चरबी भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रात्री साखर सोडू नको म्हटलं तरी सोडत राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर चढते. फॅटी लिव्हर आणि मधुमेह हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत. एक दिसला की दुसऱ्याची चौकशी करायची. मैत्रिणींनो, पाळी थांबेपर्यंत इस्ट्रोजेन तुम्हाला बरंच संरक्षण देत होतं. ते आता नाही. वजन वाढत असेल, थकवा असेल, तर थायरॉइडसाठी टीएसएचही तपासून घ्या. 'वयामुळे होतं' असं म्हणून सोडू नका.

आता निदान कसं करायचं? सोनोग्राफी चरबी दाखवते, पण खरा प्रश्न व्रणाचा असतो. यकृतात किती व्रण पडलाय? त्यासाठी एक साधं गणित आहे, त्याला फिब-फोर म्हणतात. तुमचं वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. गणिताचे सर हसताहेत, पण सर, वर्गमूळ असं उपयोगी पडेल हे तेव्हा सांगितलं असतंत, तर मी लक्ष दिलं असतं. उत्तर 1.3 च्या आत असेल तर बहुधा काळजी नाही. पासष्टीनंतर ही मर्यादा 2 धरतात. जास्त आलं तर फायब्रोस्कॅन करायचा. दुखत नाही, दहा मिनिटांत होतो.

आपल्या मित्राचे जुने रिपोर्ट मी नंतर काढून पाहिले. 2014 मध्ये ऑफिसच्या तपासणीत वय 45, एसजीओटी 60, एसजीपीटी 50, प्लेटलेट 1 लाख 30 हजार. गणित करा, 2.9 येतं. आकडे त्या कागदावर पाच वर्षं पडून होते. 'डेंग्यूची साथ होती, म्हणून प्लेटलेट कमी असतील,' असं त्याला वाटलं. वाटणारच. तो डॉक्टर नव्हता. डॉक्टर मी होतो.

उपाय मात्र आपल्या हातात आहे. वजन 70 किलो असेल तर 5 ते 7 किलो कमी करा, यकृतातली चरबी उतरते, कधीकधी व्रणही मागे हटतो. सडसडीत माणसाला 2-3 किलोही पुरतात. पण काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा : कंबर पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांची 80 च्या आत. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालायचं. संभाजी मैदानाला फेऱ्या मारा किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा, पण चालून झाल्यावर बाहेर वडापाव खाऊ नका. लोकलमध्ये उभं राहणं हा व्यायाम नव्हे. साखर, बिस्किटं, फळांचे तयार रस कमी करा, जेवण लवकर करा. फॅटी लिव्हर असेल तर दारू 'थोडीशी' पण नको. बिनसाखरेची कॉफी चालेल. व्रणावरचं पहिलं औषध मार्च 2024 मध्ये अमेरिकेत मान्य झालंय, पण ते आहार-व्यायामाच्या जोडीला आहे, बदली खेळाडू नव्हे.

दोन गोष्टी अजून. आपल्या लहानपणी काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचे आणि हिपॅटायटिस बी ची लस नव्हती. त्यामुळे आपल्या पिढीने बी आणि सी या दोन्हींची तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी. सी आता गोळ्यांनी साधारण तीन महिन्यांत बरा होतो, आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व औषधं मोफत आहेत. दुसरं, ग्रुपवर येणारे काढे. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली होती. वाद तज्ज्ञांवर सोडा, पण जे काही घेता ते डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि काळी शौच, रक्ताची उलटी, कावीळ, पोटात पाणी, विनाकारण घटणारं वजन यांना 'पित्त झालंय' किंवा 'गॅस आहे' असं नाव देऊ नका. छातीत दुखलं तर अजिबातच नाही.

पुढच्या महिन्यात कपाटातले जुने रिपोर्ट काढा आणि मला दाखवा, मला नाही तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मी बघेन तेव्हा 'सोडून दे' असं म्हणणार नाही, एवढा शब्द देतो.

चला, जेवायला. ताटात जिलबी आहे, मी पाहिलीय. एक खा, मजेत खा. दुसरी मात्र वाढू देऊ नका. आज त्याची खुर्ची रिकामी आहे. पुढच्या मेळाव्याला आणखी खुर्च्या रिकाम्या नकोत.