संगीत आणि परीक्षेचे गुण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एचएसआर लेआउट येथे झालेल्या पालकमेळाव्यातील भाषण)



मूल दहावीत गेले की त्याची पेटी कपाटावर चढते, हा अनुभव आपल्या वसाहतीत नवा नाही. ‘आधी अभ्यास, गाणे नंतर’ असे आपण म्हणतो, आणि ते ‘नंतर’ बहुधा उजाडत नाही. याच मुलाला सहाव्या वर्षी गायनवर्गात घातलेले असते, ते मात्र गाण्याने बुद्धी तल्लख होते असे ऐकून. या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

२०२० साली साला आणि गोबे या संशोधकांनी सुमारे ७,००० मुलांवरील ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. काटेकोर तुलना केली असता, केवळ संगीत शिकल्याने बुद्धी किंवा शालेय गुण वाढतात असे त्यांना आढळले नाही. उलटपक्षी, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत शाळेत संगीत शिकणाऱ्यांचे गणित, विज्ञान व इंग्रजीतील गुण इतरांहून सरस होते. हे गुण गाण्यानेच वाढले, असे त्यावरून ठरत नाही. परंतु गाणे अभ्यासाच्या मुळावर येते, या भीतीलाही तेथे आधार मिळत नाही.

मग संगीताने मिळते काय? मिळते ती शिकण्याची रीत. अवघड पलटा आधी विलंबित लयीत, तुकड्यातुकड्याने घोटावा लागतो, मग दुगुन. त्रितालाच्या सोळा मात्रांत समेवर यायचे, तर मनाशी हिशेब सतत चालू ठेवावा लागतो. तंबोऱ्यापुढे बेसूर लपत नाही, आणि तो कोणी दाखवण्यापूर्वी आपल्याच कानाला कळावा, हीच खरी तालीम. या शहरातील कर्नाटक संगीताच्या वर्गांतही आरंभीचे सरळी स्वरपाठ तीन गतींत म्हणवून घेतात. पद्धती दोन, शिस्त एकच.

ही विद्या सामान्य घरांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय घरापासून दूर गेलेल्या एका मराठी माणसाचे आहे. कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. क्रमवार शिक्षण देणाऱ्या त्यांच्या संस्थेमुळे गाणे प्रतिष्ठित गृहस्थांच्या घरी मानाने आले. त्याच कर्नाटकाच्या मातीत, गदगच्या भीमसेन जोशींना १९३३ साली अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडावे लागले होते. आपल्या मुलांना गुरू शोधायला गल्लीबाहेरही क्वचितच जावे लागते.

मित्रहो, गुणांसाठी विकत घेतलेले गाणे गुणांची चिंता पडताच सर्वांत आधी विकले जाते. म्हणून ते गाण्यासाठीच शिकवावे. दहावीच्या वर्षी मैफली नकोत, परीक्षा नकोत. रोज अर्धा तास तंबोरा मात्र लागू द्या. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या त्या पोराला स्वतःचा आवाज ऐकण्याची तेवढीच एक जागा उरते. ती आपण बंद करू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.