दुसरी प्रत, दुसऱ्या गावी

(संगणकीय माहितीचे आपत्तीपासून संरक्षण या विषयावर अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाडा विसरणे शक्य नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन गावे नुकतीच झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कितीतरी गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यात बुडाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचे मोठे कार्य हाती घेण्यात आले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या गावांत कोणास किती मोठे घर द्यावयाचे, हे जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फुटांचे आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर, असे ते प्रमाण होते.

याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या कुटुंबाचे छप्पर गेले, भांडीकुंडी गेली, घरातली माणसे गेली, त्याच्या नव्या घराचे माप सात-बाराच्या नोंदीवरून ठरत होते. माणूस वारला तर वारस कोण, हे फेरफारावरून ठरत होते. घर पडले तरी नोंद उभी राहिली पाहिजे, हा किल्लारीचा एक धडा आहे. घरे भूकंपरोधक कशी बांधावीत याची चर्चा पुष्कळ झाली. नोंदी आपत्तीतून कशा वाचवाव्यात याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली आहे.

दप्तर एका दालनात आले

पूर्वी तलाठ्याचे दप्तर गावात, मोजणीचे नकाशे भूमि अभिलेख कार्यालयात आणि दस्तांची नोंद दुय्यम निबंधकाकडे, अशी कागदांची विभागणी असे. कागद जळत, भिजत, वाळवीच्या तोंडी पडत. परंतु एका आगीत सारे जळत नसे. आता सात-बारा संगणकावर आला असून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो. ही सोय मोठीच आहे. मात्र हजारो गावांचे दप्तर आता एखाद्या इमारतीतील थोड्या कपाटांत मावते, हेही विसरता येत नाही. सोय एकवटली, तसा धोकाही एकवटला.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली. माणसे गेली आणि असंख्य नस्त्या जळाल्या. पुढे इतर कार्यालयांतील प्रती गोळा करून त्यांतील पुष्कळ नस्त्या नव्याने उभ्या कराव्या लागल्या. ज्या कागदाची प्रत अन्यत्र होती, तो परत आला.

संगणकाच्या बाबतीतही हेच घडते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात तेथील शासनाच्या माहिती केंद्रात विद्युतघट हलविताना आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय प्रणाली एकाच वेळी थांबल्या. शासकीय कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात ठेवीत, त्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा आहे. उणीव तंत्रज्ञानाची नव्हती, व्यवस्थेची होती.

प्रत पाठविण्याच्या दोन रीती

संगणकाच्या साठ्याचे सोयीसाठी विभाग पाडलेले असतात. अशा एका विभागास ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. दप्तरखान्यातील एक कपाट म्हणावे तसे. मूळ केंद्रातील कपाटात एक ओळ लिहिली की तीच ओळ दूरच्या पर्यायी केंद्रातील कपाटातही लिहिली जावी, या व्यवस्थेला प्रतिकृतीकरण म्हणतात.

उदाहरणादाखल मूळ केंद्र नांदेडला व पर्यायी केंद्र लातूरला आहे असे समजू. या दोन शहरांतील सरळ अंतर सुमारे ११५ किलोमीटर आहे. पहिली रीत समकालिक. नांदेडला केलेली नोंद लातूरला पोहोचून तेथून पोच आल्यावाचून ती पूर्ण झाली असे मानावयाचे नाही. यात नांदेडचे केंद्र कोसळले तरी पूर्ण झालेली एकही नोंद हरवत नाही. परंतु काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तारेचा मार्ग वळणावळणाने १५० किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद लागतो. एका नोंदीला हे काहीच नाही; पण लक्षावधी नोंदी ओळीने होत असतील तेथे काम मंदावते. म्हणूनच शंभरेक किलोमीटरपलीकडे ही रीत सहसा वापरीत नाहीत. नांदेड-लातूर हे अंतर त्या मर्यादेच्या काठावर आहे.

दुसरी रीत विलंबित. नांदेडचे काम थांबत नाही. नोंदी मागाहून, काही सेकंदांनी वा मिनिटांनी लातूरला जातात. अंतराचे बंधन राहत नाही. मात्र आपत्तीच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी गमावतात. किती मिनिटांच्या नोंदी गमावणे चालेल आणि बंद पडलेले काम किती वेळात सुरू झाले पाहिजे, हे दोन प्रश्न तंत्रज्ञाने नव्हे, तर त्या कामाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याने प्रथम सोडवावयाचे असतात. उत्तर ठरले की यंत्रसामग्री व खर्च त्यामागून ठरतात.

व्यवस्थापनातील खाचखळगे

पहिली अडचण आरंभीच्या संपूर्ण प्रतीची. दहा टेराबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबिट वाहणाऱ्या तारेने पाठवावयाची तर, तार अहोरात्र भरून वाहिली तरी, नऊ दिवसांहून अधिक लागतात. अशा वेळी पहिली प्रत तबकड्यांवर घेऊन मोहोरबंद पेटीतून गाडीने नेणे आणि नंतरचे बदल तेवढे तारेने पाठविणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी गोष्ट सुसंगतीची. फेरफाराची नोंदवही एका कपाटात आणि सात-बारा दुसऱ्या कपाटात असेल, तर दोहोंच्या प्रती एकाच क्षणाच्या हव्यात. फेरफार दहा वाजेपर्यंतचा आणि सात-बारा दहा वाजून पाच मिनिटांचा असेल, तर मालक बदललेला दिसेल. पण तो कशाने बदलला, याचा पत्ता लागणार नाही. यास्तव परस्परांशी संबंधित विभाग एका गटात बांधून त्यांच्या नोंदी लिहिल्या त्याच क्रमाने पाठवाव्या लागतात.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. प्रतिकृती चुकीचीही प्रत करते. नांदेडला कोणी अनवधानाने एक तालुका पुसून टाकला, अथवा खंडणीखोर संगणकविषाणूने नोंदी कुलूपबंद केल्या, तर क्षणार्धात लातूरलाही तेच घडेल. म्हणून चालू प्रतीखेरीज कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशा गोठविलेल्या प्रती वेगळ्या जपाव्या लागतात आणि त्यांतील एक तरी तारेपासून पूर्णतः अलग ठेवावी लागते.

चौथी गोष्ट अधिकाराची. मूळ केंद्र बंद पडल्याचे कोणी जाहीर करावयाचे? नांदेड जिवंत असून मधली तारच तुटली असेल आणि लातूरने स्वतःला मूळ केंद्र मानून नोंदी घेण्यास प्रारंभ केला, तर एकाच गावच्या दोन वह्या तयार होतील आणि दोन्ही खऱ्या ठरतील. हा घोळ निस्तरणे आगीपेक्षाही कठीण. म्हणून निर्णय घेणाऱ्याचे पदनाम, तो रजेवर असता त्याच्या जागी कोण आणि नांदेड सावरल्यावर नोंदी उलट दिशेने कशा आणावयाच्या, हे आधीच कागदावर असले पाहिजे.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास थांबले. त्या बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नईत होते, तरीही त्या दिवशी काम तिकडे वळविण्यात आले नाही. पुढील महिन्यात ‘सेबी’ने बाजारांसाठी नियम कडक केले: बिघाडानंतर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पर्यायी केंद्रावरून सुरू करावे. २ मार्च २०२४ रोजी तर दोन्ही प्रमुख शेअर बाजारांनी एका शनिवारी खरे व्यवहार पर्यायी केंद्रावरून करून पाहिले. प्रत असणे वेगळे आणि तिच्यावर काम करता येणे वेगळे. सराव न केलेले पर्यायी केंद्र म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली कोठे ठेवली ते कोणास ठाऊक नाही, असा प्रकार.

जागा कोणती?

दोन केंद्रांवर एकच संकट एकाच वेळी येऊ नये, ही जागेची पहिली कसोटी. नांदेड गोदावरीच्या काठी, तर लातूर मांजरेच्या खोऱ्यात. त्यामुळे नांदेडला गोदावरीचा पूर आला तरी लातूरचे केंद्र त्या पाण्यापासून दूर राहील. भूकंपाविषयी मात्र इतके निश्चिंत राहता येत नाही. १९९३ मध्ये किल्लारी परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारताना पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडलाही जाणवला. सुरक्षित म्हणविणारी जागा किती सुरक्षित असते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. म्हणून दोन प्रतींवर न थांबता तिसरी प्रत शेकडो किलोमीटर दूर असावी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर अशा दूरदूरच्या शहरांत माहिती केंद्रे उभारली, त्यामागील विचारही असाच आहे.

गावपातळीवर

मोठी केंद्रे चालविणे हे शासनाचे व तज्ज्ञांचे काम. परंतु तत्त्व शाळेला आणि ग्रामपंचायतीलाही तेच लागू पडते. शाळेचे जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही, कर आकारणीचा नमुना ८ यांवर कोणाचे शिक्षण, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचे घर अवलंबून असते. या वह्यांची संगणकीय प्रत करून ती त्याच कपाटात ठेवली, तर ती प्रत नव्हे, नुसते ओझे. एक प्रत तालुक्याला आणि एक जिल्ह्याबाहेर असावी. दर तीन महिन्यांनी ती उघडावी, त्यातील दहा नोंदी मूळ वहीशी ताडून पाहाव्यात आणि पाहणाऱ्याने तारखेसह सही करावी. या नोंदींत लोकांची खाजगी माहिती असते. तेव्हा प्रत कोणाच्या हाती आहे याचीही नोंद हवी.

शेतकरी पुढल्या वर्षाचे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. नोंद हे गावाचे बियाणेच आहे. किल्लारीत माणसे वाचविण्यास रात्र अपुरी पडली. वाचलेल्यांना त्यांचे हक्क मिळवून देण्यासाठी मात्र आपत्तीपूर्वीचे सारे शांत दिवस उपलब्ध असतात. पुढची आपत्ती कोणत्या पहाटे येईल, हे कोणीच सांगू शकत नाही. त्या सकाळी एखादे पोरके मूल तहसील कचेरीच्या दारात उभे राहील, तेव्हा त्याच्या बापाचे नाव दुसऱ्या गावच्या दुसऱ्या प्रतीत शाबूत असावे, यासाठीची तयारी आजच्या साध्या, शांत दिवशीच करावयाची आहे.