मालवाहू जहाज आणि 'आपला माणूस'



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'अवकाशातले मालवाहू जहाज'. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. विडीची मजुरी, यंत्रमागाचा दर, कापून घेतलेला पण न भरलेला फंड, ह्यांवर जन्मभर बोलणारा माणूस एकाएकी आकाशात कसा निघाला, असे त्यांना वाटले असावे. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की मी सातवीत शाळा सोडून कांड्या भरायला लागलो. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. विद्वत्ता माझ्यापाशी नाही. एक प्रश्न मात्र आहे. जहाज समुद्रातले असो की आकाशातले, ते बांधले कोणी?

आरंभ एका खोट्या जहाजापासून करतो. 1979 साली 'एलियन' नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला. आपण तो राक्षसाचा चित्रपट म्हणून ओळखतो. पण मी तो पाहिला तेव्हा मला राक्षसाआधी दुसरेच काही दिसले. त्यात 'नॉस्ट्रोमो' नावाचे एक यान आहे. ते कोणा शूर वीराचे यान नव्हे. दोन कोटी टन खनिज आणि ते गाळण्याचा अख्खा कारखाना मागे ओढत पृथ्वीकडे परतणारे ते एक मालवाहू जहाज आहे. त्यावर सात माणसे. झोपेतून उठून ती जेवायला बसतात, आणि इंजिनखात्यातले दोघे पहिला विषय काढतात तो बोनसचा! इतरांना पुरा हिस्सा आणि आम्हांला कमी का? कप्तान म्हणतो, करारात असेल ते मिळेल. बंधूंनो, हे ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हटले, ही तर आपली द्वारसभा.

पुढे वाटेत एक अनोळखी संदेश ऐकू येतो. हे दोघे म्हणतात, तपासाला जाणे आमचे काम नाही. तेव्हा त्यांना कराराचे कलम दाखवले जाते. न गेल्यास सगळा हिस्सा जप्त. आणि शेवटी उघड होते की कंपनीने गुप्त हुकूम देऊन ठेवला होता. तो जीव पकडून आणा, माणसे गेली तरी चालतील. मला वाटते, त्या चित्रपटातला खरा राक्षस त्या कागदात होता.

हे जहाज प्रत्यक्षात कसे उभे राहिले तेही ऐकण्यासारखे आहे. रॉन कॉब नावाच्या चित्रकाराने त्याचे आराखडे काढले. इंग्लंडमध्ये शेपर्टनच्या स्टुडिओत आतल्या खोल्या उभारल्या, त्या भंगारात निघालेल्या विमानांचे सुटे भाग ठोकून. बाहेरच्या अंगाची प्रतिकृती ब्रे येथे कारागिरांनी जोडली, आणि तिच्यावर मुलांच्या खेळण्यातल्या जहाजा-विमानांचे बारीक तुकडे चिकटवले. अशा चित्रपटांच्या शेवटी नावांची लांबलचक यादी सरकते. तिच्यात सुतार, रंगारी, प्रतिकृती करणारा, सगळे येतात. खोटे जहाज बांधणाऱ्यांची नावे पडद्यावर येतात, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आता त्या नावाकडे वळू. 'नॉस्ट्रोमो' ही जोसेफ कॉनरॅडची कादंबरी 1904 ची. तिचा नायक दक्षिण अमेरिकेतल्या एका कल्पित बंदरावरच्या हमालांचा मुकादम आहे. त्या इटालियन शब्दाचा फोडून अर्थ केला तर होतो 'आपला माणूस'. कोणाचा आपला? मालकांचा. चांदी सांभाळायला पाठवायची वेळ आली की तो आपला माणूस. सोलापुरात हा शब्द नवा नाही. गिरणीत जॉबर निवडताना, संप फुटताना, बदलीवाल्याला कायम करताना 'तो आपला माणूस आहे' हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी ऐकलेले आहे.

आता खऱ्या जहाजाकडे येतो; आणि त्यासाठी आपल्याला गावाबाहेर जावे लागत नाही. वालचंद हिराचंद दोशी ह्यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी ह्याच सोलापुरात झाला. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयांवरून आपण रोज जातो. समुद्र आपल्यापासून शेकडो मैलांवर आहे. तरीही देशाच्या जहाजधंद्याचा एक आरंभ ह्या कोरड्या गावातून होतो. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेऊन वालचंदांनी कामाला सुरुवात केली. पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे एक जुने जहाज विकावयाचे आहे असे कळले. युद्धात ते रुग्णालय म्हणून वापरले गेले होते. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ते घेतले, आणि कंपनीला नाव दिले सिंदिया. ह्यातले नरोत्तम मोरारजी म्हणजे मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव, आणि मोरारजी गोकुळदास म्हणजे आपली जुनी गिरणी उभारणारे. तेव्हा ज्या गिरणीच्या भोंग्यावर हे गाव उठत आणि निजत असे, तिच्यातल्या साच्यांचा आणि त्या जहाजाचा संबंध अगदीच दूरचा नाही.

5 एप्रिल 1919 रोजी ते जहाज मुंबईहून लंडनला निघाले. वालचंद स्वतः त्यावर होते. आज ती तारीख राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. जहाजाचे नाव होते 'लॉयल्टी', म्हणजे इमान. राजेरजवाड्यांच्या तोंडी त्या काळी हा शब्द कोणाशी इमान राखण्यासाठी येई, हे सांगावयास नको. तेच नाव घेऊन जहाज निघाले ते साहेबाच्या मक्तेदारीला तोंड द्यावयास! साहेबांच्या कंपन्यांनी दर पाडले. सिंदिया विकत घेण्याचीही तयारी दाखवली. वालचंद विकले गेले नाहीत. तरी 1923 मध्ये दहा वर्षांचा करार करून किनारी व्यापारापुरते आखडून घेणे कंपनीला भाग पडले, आणि ते जुने जहाजही त्याच साली मोडीत निघाले.

पण विकत घेतलेले जहाज हे दुसऱ्याने बांधलेले जहाज. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणम् येथे राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली. 6 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि काम विसकटले. ते पुन्हा उभे राहिले, आणि 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंनी 'जलउषा' पाण्यात सोडली. 8,000 टनी, मालवाहू. स्वतंत्र भारतात बांधून निघालेले ते पहिले मोठे जहाज. पुढे 1952 साली कारखाना सरकारच्या भागीदारीत हिंदुस्थान शिपयार्ड झाला. 8 एप्रिल 1953 रोजी वालचंद निवर्तले.

मी वालचंदांचा पोवाडा गावयास उभा नाही. मालक हा मालक असतो, आणि स्वदेशी मालकाशीही मजुराला भांडावेच लागते. पण ज्याने पाणी नसलेल्या गावातून जहाज पाहिले, त्याला ते श्रेय देण्यात माझ्यासारख्याचे काही बिघडत नाही.

ह्या कथेचा शेवट समुद्रात होत नाही. 1940 च्या डिसेंबरात वालचंदांनी बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. 1942 साली सरकारने त्यांचा वाटा घेतला, आणि आज अग्निबाणांचे भागही त्या संस्थेत तयार होतात. आणि पुण्याच्या वाटेवर, इंदापूर तालुक्यात, त्यांनी माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा करून वालचंदनगर वसवले. साखरेची यंत्रे करता करता त्या गावचे कारागीर 1970 नंतरच्या दशकापासून इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी कवचे करू लागले. 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 वर गेले तेव्हा त्याला उचलणाऱ्या दोन जाड्या बाणांच्या कवचांत ह्या उसाच्या गावची करणी होती.

हे कवच म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्या दिवाळीच्या बाणाला कागदाची नळी असते, तशी ही पोलादाची. घेर मोजला तर आडवा व्यास 3.2 मीटर. म्हणजे एखादी खोलीच. तीत 200 टनांहून अधिक घट्ट इंधन भरतात, आणि ते त्या नळीतच जळते. नळी हीच भट्टी. जळणे चालते दोन मिनिटांच्या आसपास. मग रिकामी नळी समुद्रात पडते. त्या दोन मिनिटांसाठी मॅरेजिंग नावाच्या विशेष पोलादाचा जाड पत्रा वाकवून गोल करावयाचा, कडा कडेला आणून वेल्डिंग करावयाचे, भट्टीत तापवून त्याला कस आणावयाचा, क्ष-किरणांनी प्रत्येक सांधा तपासावयाचा, आणि पाण्याच्या दाबाखाली त्याची परीक्षा घ्यावयाची. सांध्यात केसाएवढी चीर राहिली तर यान, पैसा, वर्षांची मेहनत, सगळे एका क्षणात जाते. चंद्रावर जाणारे सामान अखेर एका वेल्डरच्या मनगटावर उभे असते.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या बहिणीचा मुलगा आय.टी.आय. करून पुण्याकडे वेल्डर म्हणून लागला. ज्या कारखान्याचे मी आतापर्यंत नाव घेतले त्यांपैकी हा एकही नव्हे. ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांच्या पासावर. मी विचारले, 'काय बनवतोस रे?' म्हणाला, 'मामा, मोठी टाकी आहे. कुठं जाते ते आम्हांला सांगत नाहीत.' प्रत्येक सांध्याशेजारी वेल्डर आपला क्रमांक ठोकतो. सांधा नापास झाला की क्रमांकावरून माणूस तासाभरात सापडतो. पास झाला की क्रमांक कोणाचा, हे कोणी विचारीत नाही.

एकदा बदली आली नाही म्हणून त्याला लागोपाठ दुसरी पाळी करावी लागली, आणि वर तिसरीही कर म्हणाले. माल दुसऱ्या दिवशी जावयाचा होता. हा म्हणाला, 'साहेब, हात कापतोय. हा सांधा मी आता लावणार नाही.' सुपरवायझर म्हणाला, 'मग तू आपला माणूस नाहीस.' दुसऱ्या दिवशी दारावर पास चालला नाही.

तेथल्या युनियनमार्फत आम्ही बोललो. आठ दिवसांनी त्याला परत घेतले. आठ दिवसांची मजुरी गेली ती गेली, आणि पास आजही अकरा महिन्यांचाच आहे. मी त्याला विचारले, 'भीती नाही वाटली?' तो म्हणाला, 'वाटली की. पण माझा नंबर त्याच्यावर राहिला असता ना, मामा.'

बंधुभगिनींनो, मी पुष्कळ पुस्तके चाळली, पण इमान ह्या शब्दाचा अर्थ मला त्या पोराने शिकवला. मालकाची हो ला हो म्हणणारा 'आपला माणूस' थरथरत्या हाताने सांधा लावून मोकळा झाला असता. नाही म्हणणारा त्या कामाशी इमानी होता. आणि काय बांधतो आहे हे त्याला कोणी सांगितलेलेही नव्हते! सांगितले असते, कायम केले असते, पुरी झोप दिली असती, तर तो सांधा किती नेटका झाला असता, ह्याचा हिशेब कोण करणार?

म्हणून माझे मागणे दोनच आहे. जो अवघड काम करतो त्याला अकरा महिन्यांचा पाहुणा ठेवू नका. आणि ज्या वहीत चूक शोधण्यासाठी क्रमांक लिहिता, त्याच वहीतून यश मिळाल्यावर नावे वाचून दाखवा. खोट्या जहाजाच्या कारागिराला जे मिळते, ते खऱ्या जहाजाच्या कारागिराला का मिळू नये?

हे मागणे सोलापुरात करतो, कारण ह्या गावाला नावे जपण्याची सवय आहे. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे आपल्या चौकात उभे आहेत. शाळेतले पोरही ती चार नावे एका दमात सांगते. पुढचे यान जाईल तेव्हा आपण सारे टाळ्या वाजवू. वाजवाव्यातच. फक्त टाळी वाजवताना एवढे विचारा, सांध्यावरचा क्रमांक कोणाचा होता?