सण, कादंबरी आणि पुरावा

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी वक्ता नाही, इतिहासाचा संशोधक तर नाहीच नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो. दिवसभर व्हाउचर तपासायचे, नोंदी जुळवायच्या, हे माझे काम. वाचनाचा नाद मात्र सुटला नाही. त्या नादातून जे सुचले तेवढेच आज आपल्यापुढे मांडतो.

भुसावळच्या शाखेत असताना आमचे एक अधिकारी तामिळनाडूचे होते. जानेवारीत पोंगलला त्यांनी आम्हाला घरी बोलावले. आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी घरातले जुने-पाने जाळतात. पोंगलला नव्या मडक्यात दूध, नवा तांदूळ, मूगडाळ आणि गूळ शिजवतात. दूध उतू गेले की सगळे घर ‘पोंगलो पोंगल’ म्हणून ओरडते. दुसऱ्या दिवशी मान गुराढोरांचा, तिसऱ्या दिवशी भेटीगाठी. मला आपला पोळा आठवला आणि आखाजी आठवली.

आखाजीला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझ्या आईला ती गाणी पाठ होती. आमच्या आजोबांनी 1956 नंतर धम्म स्वीकारला आणि घरातली देवपूजा, व्रतवैकल्ये बंद झाली. ते योग्यच झाले. पण मी कॉलेजात गेल्यावर दोन पुस्तके वाचून जास्तच शहाणा झालो. आई भाकरी थापताना झोक्याचे गाणे गुणगुणायची, तेव्हा मी तिला टोकले, “हे जुने आता सोड.” ती एवढेच म्हणाली, “झोकाले काय धरम ऱ्हास रे भाऊ?” त्यानंतर माझ्यासमोर ती कधी गायली नाही. आज आई नाही आणि त्या गाण्यांपैकी एकही मला पूर्ण येत नाही. गाणे गौराईच्या पूजेचे होते की माहेरच्या ओढीचे, हे विचारायचेही मला सुचले नव्हते.

आता कादंबरीकडे वळतो. त्या तमिळ अधिकाऱ्यांच्या कपाटात कल्की यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’चे पाच भाग होते. चोळ राजांवरची ही कादंबरी 1950 ते 1954 या काळात ‘कल्की’ साप्ताहिकातून क्रमशः आली. आजारी राजपुत्राला नागपट्टणमच्या चूडामणी विहारात लपवून ठेवतात आणि तेथील भिक्खू त्याची शुश्रूषा करतात, हा प्रसंग त्यांनी मला सांगितला. मी लगेच विचारले, “हे खरे का?” ते हसून म्हणाले, “विहार खरा. शुश्रूषा कल्कींची.”

पुढे मी वाचले. श्रीविजयच्या राजाने बांधलेल्या त्या विहाराला राजराज चोळाने आनैमंगलम गावाचे उत्पन्न दिल्याची नोंद ताम्रपटात आहे. ते पट हॉलंडमध्ये गेले, म्हणून त्यांना लायडेन ताम्रपट म्हणतात. नागपट्टणमला त्या विहाराचा अवशेष मानला जाणारा जुना मनोरा होता. तो 1867 साली पाडण्यात आला. विटा गेल्या, पण एका कादंबरीने तो विहार तमिळ माणसाच्या घराघरांत पोचवला. कादंबरीची ताकद ही अशी असते.

तिचा धोका मी स्वतः भोगला आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (1962) मी शाळेत असताना दोन रात्रींत वाचली. पुढे कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत माधवराव पेशव्यांच्या तोंडचे एक वाक्य ठणकावून इतिहास म्हणून सांगितले. परीक्षकांनी विचारले, “हे कोणत्या पत्रात आहे?” मी गप्प. सभागृह हसले. पुस्तकाचा दोष नव्हता. ते कादंबरी म्हणूनच लिहिले होते. व्हाउचर न पाहता खात्यात रक्कम मी जमा केली होती.

नंतर बदली होऊन धुळ्याला गेलो. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले. त्यांनी आयुष्यभर दारोदार फिरून जमवलेली कागदपत्रे राहावीत म्हणून 1927 मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड म्हणजे काय कष्ट असतील, ते दप्तरे पाहिली की कळते. पण ती पाहताना एक गोष्ट मनात सलली. ज्याचे खाते असते त्याचेच व्हाउचर फाटते. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांचे पत्र कोणत्या दप्तरात सापडणार? माझ्या आजीचा कागद कुठेच नाही. तिचे जे होते ते गाण्यात होते, आणि ते मी बंद पाडले.

मग आपण काय करावे? लळिंगचे उदाहरण घ्या. 31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दर 31 जुलैला आपली माणसे पावसात, लेकरेबाळे घेऊन तिथे जातात. तारीख कागदाने सांभाळली, पण आठवण जिवंत ठेवली ती चालत जाणाऱ्या पायांनी. सणही असा घडवता येतो.

विद्यार्थी मित्रांनो, ऐतिहासिक कादंबऱ्या अवश्य वाचा, त्यात रमा. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा: याला आधार काय, आणि यात आपली माणसे कुठे आहेत? दुसरे काम याहून निकडीचे आहे. घरी आजी असेल, तर आज रात्रीच वही घेऊन तिच्याजवळ बसा. तिची गाणी, गावाची नावे, कोण कधी कुठे गेले, सगळे तिच्याच बोलीत उतरवून घ्या. पटेल ते पाळा, न पटेल ते पाळू नका. पण लिहून घ्या. संस्थेनेही अशी एक नोंदवही ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिल्या पानावर माझ्या आईच्या गाण्याच्या दोन अर्धवट ओळी मी लिहीन. पुढच्या ओळी कोणाच्या आजीला येत असतील, तर त्यांनी पुऱ्या कराव्यात.