तव्यातली खरवड



अमेरिकेतल्या घरांत गोमांसाचा खिमा वरचेवर शिजतो. तो इतर तुकड्यांच्या मानानं स्वस्त पडतो आणि लवकर शिजतो. दिवसभराच्या कामानंतर घरच्यांना पोटभर गरम जेवण द्यायचं, तर तिथे जे पदार्थ केले जातात, त्यांतला एक आहे सॉल्सबरी स्टेक. खिम्याच्या लांबट, चपट्या वड्या, त्यांवर कांदा आणि अळंबीची दाट तपकिरी ग्रेव्ही, बाजूला लोणी घालून कुस्करलेला बटाटा आणि मटार.

हा पदार्थ जन्मला पथ्य म्हणून. जेम्स हेन्री सॉल्सबरी हे अमेरिकी डॉक्टर, जन्म १८२३चा. अमेरिकी यादवी युद्धात छावण्यांमध्ये अतिसारानं सैनिक खंगत होते. पिष्टमय पदार्थ आणि भाज्या पोटात आंबतात आणि त्यातून रोग होतात, असं या डॉक्टरांचं ठाम मत झालं. त्यांचा उपाय म्हणजे भाजलेला, शिरा काढलेला गोमांसाचा खिमा दिवसातून तीनदा खायचा आणि गरम पाणी प्यायचं. आहार आणि रोग यांवरचा त्यांचा ग्रंथ १८८८ साली आला. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन नावं नकोशी झाली, तेव्हा हॅम्बर्ग स्टेकऐवजी सॉल्सबरी स्टेक म्हणण्याची पद्धत वाढली.

डॉक्टरांचं ते मत आज वैद्यकशास्त्र मानत नाही. घरोघरच्या स्वयंपाकघरांनी तर त्यांनी वर्ज्य केलेलं सगळं परत आणलं: कांदा, ब्रेड, मैदा, बटाटा. पदार्थ रुचकर झाला तो त्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

आता कृतीकडे वळू. चौघांसाठी एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम खिमा घ्या. तो फार कोरडा नको. शंभरात वीस भाग चरबी असलेला उत्तम. ब्रेडचा चुरा दुधात भिजवून लगदा करा. तो खिम्यात मिसळला की शिजताना रस धरून ठेवतो आणि वडी मऊ राहते. एक अंडं, किसलेला कांदा, थोडी मोहरीची चटणी, वूस्टर सॉस, मिरपूड. मीठ अगदी शेवटी घाला आणि हलक्या हातानं कालवा. मीठ लावून खिमा मळत बसलं, की मांसातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि वडी रबरासारखी होते.

बिडाचा तवा चांगला तापवा. वड्या दोन्ही बाजूंनी तांबूस होऊ द्या, पण पूर्ण शिजवू नका. बाहेर काढून ठेवा. तव्याच्या तळाशी जी तपकिरी खरवड चिकटलेली असते, तिच्यात साऱ्या जेवणाची चव आहे. तवा धुऊ नका. त्याच चरबीत उभा चिरलेला कांदा आणि अळंबी मंद आचेवर परता. घाई करू नका, कांद्याला रंग यायला वेळ लागतो. मग दोन चमचे मैदा भुरभुरवून त्याचा कच्चा वास जाईपर्यंत भाजा. आता मांसाचा गरम रस्सा थोडा थोडा ओतत लाकडी उलथन्यानं खरवड सोडवत जा. मैद्यातलं पिष्ट उष्णतेनं फुगतं आणि रस्सा आळतो. एकदम ओतलात तर गुठळ्या होतील.

वड्या ग्रेव्हीत परत सोडा, झाकण ठेवा आणि दहा मिनिटं मंद शिजू द्या. इथे मात्र हयगय नको. अखंड तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून वडीचा मध्य ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. आतला रंग पाहून अंदाज बांधू नका. छोटा तापमापक वापरा.

महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. इथल्या श्रोत्यांनी याच रीतीनं बकऱ्याचा खिमा घ्यावा. त्याचाही पदार्थ छान होतो. पाकिटातली तयार ग्रेव्ही मात्र आणू नका. तव्यातली खरवड सोडवून एकदा स्वतः करून पाहा.